रिह्याचं इर्जिक आणि इलेक्ट्रॉनांची पंगत

अमरावतीहून निघताना ताईने माझ्या हातात चार डबे ठेवले आणि तीन कामं सांगितली. पल्लवी जिवंत आहे का ते बघ, जेवते का ते बघ, आणि ती तिथे नेमकं करते काय ते मला समजेल अशा भाषेत येऊन सांग.

पल्लवी माझी भाची. पदार्थविज्ञानात डॉक्टर झाली आणि मुळशी तालुक्यात रिहे नावाच्या गावाशेजारी एका प्रयोगशाळेत लागली. आठ दिवस फोन उचलत नव्हती. "ठीक आहे, काम आहे" एवढे चार शब्द रोज लिहून पाठवायची. ताईला त्या चार शब्दांत उपास दिसत होता.

आता हे काम माझ्याकडे का आलं? कारण घरात रिकामा आणि हलता माणूस मी एकटाच. बावन्न वर्षांचा आहे, सहकारी संस्थेत नोकरी करतो, संध्याकाळी हौशी नाटकं करतो, पण एका जागी बसणं मला अजून जमलेलं नाही. बसलो तर पाय हलतो, पाय धरला तर बोटं वाजतात. आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाने मला एकदा टाळ दिले होते. तिसऱ्या गुरुवारी परत घेतले. माझा टाळ कुणाच्याच टाळाबरोबर पडत नसे. तेही त्यांनी सोसलं असतं, पण माझ्या दोन्ही शेजाऱ्यांचाही चुकू लागला. ही गोष्ट लक्षात ठेवा. मी उगाच सांगत नाही.

पिरंगुट

पुण्याहून पौडच्या बसने पिरंगुटला आलो. वाटेत एका खड्ड्यात बस आदळली आणि माझ्या मांडीवरच्या तिसऱ्या डब्याचं झाकण उडालं. त्यात भुरका होता. ज्यांना भुरका माहीत नाही त्यांना सांगतो, गरम तेलात लसूण आणि लाल तिखट. आमच्या वऱ्हाडात तो भाकरीवर घेतात. बसमध्ये तो हवेत गेला.

आधी समोरची बाई शिंकली, मग तिच्या पुढची, मग कारखान्याच्या निळ्या गणवेशातली आख्खी रांग. शिंक ड्रायव्हरपर्यंत पोचली तेव्हा कंडक्टर डोळे पुसत माझ्यासमोर उभा राहिला.

"पाव्हणं, ह्ये खायाचं हाय का फवारायचं?"

मी त्याला चिमूटभर दिलं. त्याने जिभेवर ठेवलं, थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाला, "लई भारी. पन झाकन घट्ट लावा."

पिरंगुटच्या बाजारात पल्लवी स्कूटर घेऊन उभी होती. जिवंत होती. जेवत नव्हती, हे तिच्या मनगटावर घड्याळ फिरत होतं त्यावरून कळलं.

"मामा, आधी वचन द्या."

"दिलं. कशाचं?"

"आमच्या इमारतीत पाय हलवायचा नाही."

मी मागे बसलो आणि वचन पाळण्याचा सराव सुरू केला. पहिल्या वळणालाच तिने आरशातून माझ्या पायाकडे बघितलं.

रिहे, सोमवार

डोंगरांच्या मधे लांबट खोरं. दिवाळी नुकतीच झालेली, बहुतेक भात कापून झालेला, शेतांत खुंट आणि बगळे. मधेमधे शहरातल्या लोकांची फार्महाउसं, त्यांच्या फाटकांना अशी गोड गोड नावं की आत कुणी राहत नसणार हे बाहेरूनच कळावं. पल्लवीची प्रयोगशाळा गावाबाहेर एका उघड्या कातळावर बसलेली बुटकी इमारत. शहरात रस्ते हलतात, इमारती हलतात, म्हणून हे यंत्र मुद्दाम इथे कातळावर आणून बसवलंय.

मला उतरवलं बबनरावांच्या घरी. बबनराव म्हणजे इथले जुने शेतकरी. घराच्या मागे चार खोल्या काढून त्यांनी प्रयोगशाळेतल्या लोकांना भाड्याने दिल्या आहेत. त्यांची आई पारूआई ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची तपासणी करते. तिने माझी केली.

"ह्ये कोन?"

"माझे मामा," पल्लवी म्हणाली.

"बस म्हनावं की. मगाधरनं येरझाऱ्या घालतंय."

दुपारी पल्लवीने मला यंत्र दाखवलं. दाखवलं म्हणजे काचेपलीकडून. पुरुषभर उंचीचं चकचकीत पिंप, पोटात द्रवरूप हिलियम, इतकं थंड की अमरावतीच्या माणसाला कल्पनाही करता येऊ नये. पिंपाच्या आत एक सुई, सुईखाली एक नमुना. हवेच्या उशांवर तरंगणाऱ्या टेबलावर हे सगळं ठेवलेलं.

"आता ताईला समजेल असं सांग," मी म्हणालो.

"आजोळी गच्चीवर आपण दोन मच्छरदाण्या एकावर एक टाकायचो, आठवतं? जाळीवर जाळी पडली की मोठी नक्षी दिसायची."

"आठवतं."

"इथे तसेच दोन थर आहेत, प्रत्येक तीन अणूंच्या जाडीचा. अर्धवाहकाचे. त्यांच्या नक्षीत खळगे तयार होतात. त्या खळग्यांत मी मोजके इलेक्ट्रॉन सोडलेत. एरवी इलेक्ट्रॉन नुसते धावत असतात, कुणाचं कुणाकडे लक्ष नसतं. पण एवढ्या थंडीत, एवढ्या लहान जागेत त्यांना एकमेकांचा त्रास व्हायला लागतो. प्रत्येकाला दुसऱ्यापासून लांब बसायचं असतं. आणि सगळ्यांनाच लांब बसायचं असल्यामुळे एकाची जागा बाकीच्या सगळ्यांवर ठरते."

"म्हणजे आपल्या बंडूच्या लग्नातली पंगत. सगळे एकमेकांवर रुसलेले."

ती आठ दिवसांत पहिल्यांदा हसली असावी. गाल कुरकुरले. "तीच. तर ती पंगत बसली आहे, हे मला दाखवायचंय. फोटो काढायचाय."

"मग काढ. अडचण काय?"

अडचण अशी की सुई अगदी जवळ नेली तर पंगत उठून पळते. म्हणून तिने वर कार्बनचा एकाच अणूच्या जाडीचा पदर पांघरला होता. खाली कोण कुठे बसलंय त्याची चाहूल पदरावर उमटते आणि सुई ती चाहूल वाचते. एक ओळ, मग दुसरी ओळ. एक फोटो व्हायला सहा तास लागतात. हा नमुना रचायला तिला दोन वर्षं लागली होती. यंत्रावरची पाळी शुक्रवारी संध्याकाळी संपत होती, हिलियमही तेव्हाच संपणार होतं, आणि यंत्र गरम झालं की नमुना पुन्हा असाच राहील याची खात्री नव्हती. पुढची पाळी पुढच्या पावसाळ्यानंतर. तिची नेमणूक मार्चपर्यंत.

हे तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं. मला मात्र एकदम खुर्चीत बसवेना.

"मामा."

"काय?"

तिने पडद्याकडे बोट दाखवलं. सुईच्या रेषेवर बारीक दाते उमटत होते. माझ्या पायाबरोबर.

मी अकरा मिनिटं आत होतो. मग तिने मला प्रेमाने हाताला धरून बाहेर काढलं.

त्याच संध्याकाळी मी केलेला पराक्रम

बाहेर काढलेला माणूस काय करणार? फिरणार. प्रयोगशाळेच्या कुंपणापलीकडे त्याच कातळावर बबनरावांचं खळं आहे, आणि खळ्यावर ट्रॅक्टरला जोडलेलं मळणी यंत्र धडधडत होतं. इतकं की दोन पावलांवरचं बोलणं ऐकू येईना. माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्या एका पायाने तिची रेषा बिघडते, तर या धुडाने काय होत असेल!

मी यंत्र बंद करायला लावलं, भाताच्या भाऱ्यावर उभा राहिलो आणि बबनरावांसमोर असं भाषण केलं की आमच्या नाट्यमंडळाने ऐकायला हवं होतं. लेकीची दोन वर्षं, अणूचा पदर, आत बसलेली भित्री पंगत, आणि बाहेर हा गडगडाट. शेवटी आवाज थोडा कापवला. तो मला कधीही कापवता येतो.

बबनरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"पोरगी न्हाई बोलली कदी."

"ती बोलणार नाही. मानी आहे."

"आसं हाय व्हय." ते ट्रॅक्टरवाल्याकडे वळले. "जा रं तू कासारसाईला. त्ये लोक वाट बघत्यात. आमी हातानं झोडतू."

ट्रॅक्टर गेला. खोऱ्यात शांतता पसरली. पल्लवीला मी काही सांगितलं नाही. फोटो आल्यावर सांगू, असं ठरवून गुणगुणत झोपलो.

मंगळवार, बुधवार

हाताने झोडायचं तर माणसं लागतात, आणि रिह्यात माणसं हवी असली की इर्जिक घालतात. म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलवायचं, त्यांनी येऊन काम करायचं, आपण पोटभर जेवू घालायचं. उद्या त्यांच्याकडे काम निघालं की आपण जायचं. बबनराव म्हणाले, अलीकडे यंत्रामुळे इर्जिक कमी झालंय. तुमच्या निमित्ताने झालं.

सकाळी नऊला दहा माणसं आली. लांब फळीसमोर ओळीने उभी राहिली, पेंढ्या डोक्यावर उचलल्या, आणि पारूआईने ओट्यावरून "हां!" केलं. दहा पेंढ्या एकदम फळीवर आदळल्या. पुन्हा "हां!" पुन्हा दहा. दाणे पावसासारखे उडत होते. दहा पाठी एकदम वाकत होत्या, एकदम सरळ होत होत्या. इतकं देखणं दृश्य मी रंगमंचावरही पाहिलेलं नाही. मीही एक पेंढी घेतली. बबनरावांनी पाच मिनिटांत ती काढून घेतली आणि मला पाणी वाटायच्या कामावर नेमलं.

दुपारी जेवण. आमच्याकडे भाताला शेवटी, पोटात जागा उरली तर, थोडा मान मिळतो. इथे आधी भात, मधे भात आणि शेवटी "थोडा भात घ्या की". नव्या तांदळाचा, मऊ, वासाचा. सोबत आमटी आणि सुकटीची चटणी. मी भुरका काढला आणि तासाभरात गावचा झालो. पारूआई भात शिजला की नाही ते झाकण न काढता बघते. तळहात झाकणावर टेकवते आणि थांबते. "झाकान काडलं की वाफ जाती, मग काय बघायचं," ती म्हणाली. हे पल्लवीला सांगायला मी बुधवारी जेवणानंतर धावत गेलो.

पल्लवी दारात बसली होती. डोळे लाल.

"कालपासून काय झालंय कळत नाही मामा. सोमवारपर्यंत ठीक होतं. आता दिवसभर सुई धक्के खाते, बोथट होते. रात्र तिला धार लावण्यात जाते. पुन्हा सकाळ झाली की तेच."

"पण आता तर किती शांत आहे!" मी म्हणालो.

"हो ना. तेच कळत नाही."

मला वाटलं, सोमवारच्या गडगडाटाने यंत्राला काही इजा झाली असेल, हळूहळू बरं होईल. तुम्ही हसताय. तेव्हा मी हसत नव्हतो. उरलेला दिवस मी खळं ते प्रयोगशाळा अशा किती फेऱ्या मारल्या देव जाणे. इकडे पाणी वाटायचं, तिकडे काचेतून डोकवायचं, तिचा डबा तसाच बघायचा, परत यायचं. ताईचे फोन मी घेत होतो आणि खोटं बोलत होतो.

गुरुवारही तसाच गेला. संध्याकाळी पश्चिमेला ढग आले.

शुक्रवार

सकाळी पल्लवी स्वतःच खोलीवर आली. हातात दोन कागद.

"रात्री सुई चांगली झाली. नमुन्यावर चांगली जागाही मिळाली. आता सुरू केलं तर संध्याकाळपर्यंत एक फोटो होईल, एकच. पण हे बघा. हा सोमवारचा आलेख, हा कालचा." कालच्या आलेखावर डावीकडे एकच उंच सुळका होता. "सेकंदाला सव्वा ठोका. नऊला सुरू होतो, एकला थांबतो, दोनला सुरू, साडेपाचला बंद. हे यंत्र नाही मामा. हे जेवायला जातं."

त्याच क्षणी नऊ वाजले. खळ्यावरून आवाज आला, "हां!" आणि दहा पेंढ्या आदळल्या.

पल्लवीने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. मग सगळं सांगितलं, भाषणासकट.

तिने दोन्ही कागदांची घडी घातली. "मळणी यंत्राची थरथर बारीक असते, वेगवान. ती आमच्या हवेच्या उशा गिळून टाकतात, म्हणून मी कधी बोललेच नाही. हा ठोका मात्र नेमका उशांच्याच तालात पडतो. झोपाळ्याला वेळेवर धक्का द्यावा तसा. खालून कातळ एकच. मामा, काहून केलं तुम्ही असं?"

ती वऱ्हाडीत बोलली की प्रकरण गंभीर असतं. आम्ही दोघं खळ्यावर गेलो. मी हात जोडले आणि म्हणालो, थांबा.

बबनराव कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "सोमवारी म्हनलात मशीन बंद. आज म्हनताय हात बंद. आता आमी दानं फुंकर मारून पाडायचं का?"

पलीकडे ढग काळे झाले होते. अर्धा माल अजून भाऱ्यांत होता. भिजला असता तर कोंब फुटले असते. मळणी यंत्र कासारसाईला गुंतलेलं. पल्लवीने भाऱ्यांकडे बघितलं, ढगांकडे बघितलं.

"थांबू नका तुम्ही," ती म्हणाली. "पण एकदम आदळू नका. पुढेमागे आदळा, ज्याचं त्याने. तुमच्या पेंढ्या एकाच क्षणी पडतात म्हणून मला धक्का बसतो. विस्कटून पडल्या तर माझं टेबल सांभाळून घेईल."

"बेमेळ झोडायचं?" पारूआईला हे पटेना. "जनम गेला मेळ बसवन्यात."

"आज एक दिवस, आई."

लोकांनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. धप, धपधप, धप. पहिलं मिनिट सुरेख विस्कटलेलं गेलं. दुसऱ्या मिनिटाला दोघांच्या पेंढ्या जुळल्या, मग चौघांच्या, आणि तिसऱ्या मिनिटाला दहाही एकदम. कुणी ठरवलं नव्हतं. प्रत्येकाच्या हाताने शेजाऱ्याचा हात ऐकला होता.

"हातच ऐकत न्हाईत," एक बाई हसत म्हणाली. पल्लवी हसली नाही. ती घड्याळाकडे बघत होती.

तेव्हा बबनरावांनी माझ्याकडे बघितलं. मंगळवारी माझ्याकडून पेंढी काढून घेणारे तेच.

"ह्यास्नी मधी उबं करा," ते म्हणाले.

मला बरोबर मधे उभं केलं. पाच डावीकडे, पाच उजवीकडे. मी पेंढी उचलली आणि, काय सांगू, आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी माझा ताल मागितला होता! मी आदळली. कधी लवकर, कधी उशिरा, कधी दोनदा. डावीकडच्याचा हात अडखळला. उजवीकडची बाई "अगं माय!" म्हणून हवेतच थांबली. तिच्यामुळे पुढची चुकली. एका ठोक्यात आख्खी ओळ फुटली. ती पुन्हा जुळायला लागली की मी पुन्हा मधे पडायचो. मुद्दाम नाही, मला दुसरं येतच नाही.

पल्लवी पळत आत गेली. थोड्या वेळाने काचेतून तिचा हात वर झाला. चालू ठेवा.

"ह्यो मानूस हाय का वावटळ?" पारूआई ओट्यावरून ओरडत होती. "ए मामा, आरं मेळ लागतुया! बिघडीव लवकर!"

दुपारी आम्ही पाळीपाळीने जेवलो, भारे संपवायची घाई होती. माझ्या तळव्यांना फोड आले, खांदे भरून आले; पहिल्यांदाच माझ्या शरीराला थांबावंसं वाटलं आणि थांबण्याची सोय नव्हती. पाचच्या सुमाराला शेवटची पेंढी झोडली. पोती आत गेली. मी खळ्यावर आडवा झालो, आणि माझ्या नाकावर पहिला थेंब पडला तरी उठलो नाही.

शनिवार, निघण्याची सकाळ

पल्लवी कागद घेऊन ओट्यावर आली. राखाडी कागदावर पांढरे ठिपके. ओळींमागून ओळी, प्रत्येक ठिपका शेजाऱ्यांपासून सारख्याच अंतरावर. मधे मधे रेघोट्या होत्या, कुठे कडा फाटल्यासारखी. पण पंगत बसली होती. नजर लागावी अशी. पल्लवीने कागद पारूआईसमोर ठेवला. तिने भाताची ताटली जवळ ओढली आणि खायला लागली.

पारूआईने कागद डोळ्यांजवळ नेला.

"ही तर भाताची लावनी हाय. वीतवीत सोडून. कुनी लावली?"

"आपोआप लागली," पल्लवी घास गिळत म्हणाली.

"आसं कुटं आसतंय." पारूआईचं बोट ओळींवरून फिरत राहिलं आणि एका जागी थांबलं. "हितं एक रोप ऱ्हायलंय."

पल्लवीने खाणं थांबवून वाकून पाहिलं. खरंच, एका जागी ठिपका नव्हता. आजूबाजूचे सगळे आपापल्या जागी, मधे एक भोक. तिने रात्रभर कागद पाहिला होता, तिला ते दिसलं नव्हतं.

पारूआईने माझ्या पायाकडे बघितलं. तो हलत होता.

"तितं ह्यो मामा बसला आसंल. उटून ग्येला."

बबनरावांना ठसका लागला. पल्लवीच्या हातातली ताटली कलली. त्या हसण्यातच तिचा फोन वाजला आणि तिने पहिल्याच रिंगला उचलला.

"आई, हो, जेवतेय. आत्ताच जेवतेय. मामा?" तिने माझ्याकडे पाहिलं, मग खळ्याकडे, मग कुंपणापलीकडच्या बुटक्या इमारतीकडे. "मामा आठ दिवस येत नाहीत. सोमवारपासून यंत्रावर दुसऱ्याची पाळी आहे, आणि याच कातळावर गावातल्या अजून तीन घरांची झोडणी राहिलीय."